आत्याचा ओपल

उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर आत्या विश्रांतीसाठी राहुरीला माझ्याकडे आली. विश्रांती कशी घेतात हे तिला ठाऊक नव्हतं. काळा चष्मा लावून ती खुर्चीत बसायची, मी स्वयंपाकघरात गेले की चष्मा वर करायची आणि एकदा हा डोळा, एकदा तो डोळा झाकून माझं घर तपासायची.

"ह्या डोळ्यानं तुजी भिंत पांढरी हाय," ती सांगायची. "आन् ह्या डोळ्यानं चहा सांडल्यावानी. खरी कंची म्हनायची?"

"पांढरी."

"मग इतकी वर्सं मी समद्यांची घरं उगंच मळकी म्हनले की गं."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न झालं, आणि फार लवकर नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. ती तिसगावला माहेरी परत आली, एक शिलाई मशीन घेतलं, आणि तेव्हापासून पंचक्रोशीतल्या बायकांची पोलकी आणि ब्लाऊज तिनंच शिवले. नवरीचा ब्लाऊज तर तिच्याचकडे. दिवसभर तिच्या मांडीवर मोरपंखी, डाळिंबी, आंबा रंगाचे तुकडे असायचे आणि अंगावर कायम फिकट राखी नाहीतर बदामी लुगडं. असं का, हे तिला कधी कुणी विचारलं नाही, मीही नाही. आमच्याकडे अशा गोष्टी विचारत नसत.

आमच्या शेजारी एक काका राहतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन्ही मुलं पुण्याला. लोकांच्या हॉलमध्ये जिथं टीव्ही असतो तिथं यांच्या घरी काचेचं कपाट आहे आणि त्यात दगड. उभी नोकरी कालव्यांवर आणि धरणाच्या कामांवर गेली. जिथं खोदकाम, तिथून हे डबा भरून दगड आणायचे. राहुरीच्या आसपास विहीर खणताना काळ्या खडकात पोकळी लागते, तिच्यात पांढऱ्या सुया, हिरवे चौकोनी स्फटिक, गुलाबी पापुद्रे निघतात. ते सगळं काकांकडे आहे. माणूस अगदी सज्जन, पण एकदा कपाटासमोर उभा राहिला की पाहुण्यानं घरचं विसरावं. कॉलनीतली मुलं त्यांना दगडकाका म्हणतात आणि क्रिकेटचा चेंडू त्यांच्या अंगणात गेला तर तो आणायला चिठ्ठ्या टाकतात.

आत्याला करमत नव्हतं, म्हणून मीच तिला त्यांच्याकडे नेलं. मला घरात मुद्रितं तपासायची होती, आणि दोघांनी एकमेकांना तासभर गुंतवलं तर माझं काम होणार होतं. हा माझा स्वार्थ. पुढचं सगळं त्यातून झालं.

काकांनी नेहमीप्रमाणे वरच्या कप्प्यापासून सुरुवात केली. आत्या कंबरेवर हात ठेवून बघत होती.

"ह्या तर गारगोट्या," ती म्हणाली. "आमच्या रानात पायाला लागत्यात. मी रोज तुडवून येते."

काकांचा चेहरा पडला. मग त्यांनी खालच्या कप्प्यातून, कपाटाच्या चावीनं वेगळा उघडावा लागतो अशा खणातून, एक प्लॅस्टिकची डबी काढली. आत कापूस, आणि कापसावर हरभऱ्याच्या डाळीएवढा दुधाळ खडा. खिडकीपाशी नेऊन त्यांनी डबी जराशी तिरकी केली.

आत्यानं चष्मा काढला. नव्या डोळ्यानं पाहिलं, मग तो झाकून जुन्यानं, मग पुन्हा नव्यानं. खड्यात हिरवा ठिपका पेटला, सरकला, त्याचा केशरी झाला, कडेला जांभळा चमकून गेला आणि डबी जरा हलताच सगळं दुसरीकडे निघून गेलं. ती डबीवर आणखी वाकली.

"ओपल," काका म्हणाले. "हा आपल्याकडचा नाही. इथिओपियाचा. एका व्यापाऱ्याला हिरवे स्फटिक हवे होते, त्याच्या बदल्यात घेतला. ऑस्ट्रेलियाचे फार नावाजलेले. मेक्सिकोत शेंदरी निघतात, निखाऱ्यासारखे. आपल्या काळ्या दगडातही ओपल मिळतो, पण साधा, दुधी. त्यात ही गंमत नसते. आणि नाव मात्र आपलंच बरं का! संस्कृतात उपल म्हणजे दगड. तिथूनच शब्द गेला, असं म्हणतात."

"रंग कुनी भरला ह्यात?"

"कुणीच नाही. त्यात रंग नाहीतच."

"माजं ऑपरेशन झालंय सायेब, मी आंधळी न्हाई."

काका आनंदले. असा प्रश्न त्यांना वर्षानुवर्षं कुणी विचारला नव्हता. हा स्फटिक नाही, यात अगदी बारीक, डोळ्याला न दिसणाऱ्या गोळ्या असतात, आडतीवर संत्री रचतात तशा एकावर एक नीट रचलेल्या, आणि त्यांच्या मधल्या फटींतून उजेड गेला की तो फुटतो, म्हणून रंग दिसतात. रचना बिघडलेली असली की नुसताच पांढरा. "आणि यात पाणी असतं," ते म्हणाले. "दगडाच्या आत. शंभर भागांत पाच-दहा भाग पाणीच."

आत्यानं डबीवरून मान वर केली. "आमच्याकडं हिरीत निस्ता दगड, आन् ह्या दगडात पानी!"

मी दाराशी उभी राहून हसले. काका मात्र गंभीरपणे म्हणाले, "हो, तसं म्हणता येईल."

दुसऱ्या दिवसापासून आत्या सकाळी चहा झाला की तिकडे जायची. तिला बाकीच्या दगडांत रस नव्हता, पण खालचा खण उघडून घ्यायचा तर वरचे कप्पे ऐकून घ्यावे लागतात हे तिच्या ध्यानात आलं होतं. शेवटी तिनं विचारलंच.

"ह्यो मला द्या. काय पैशे व्हत्याल ते देते."

काका इतके घाबरले की त्यांनी डबी मिटून खिशातच घातली. "हा नाही देता येणार. पण तुम्हाला घ्यायचाच असेल तर नगरला सराफ बाजारात मिळतो. मी येतो हवं तर. फसवतात हो. काचेचे असतात. नाहीतर पातळ पापुद्रा खऱ्याचा आणि खाली काळी चकती चिकटवलेली असते. पाण्यात घातला की सुटतो."

मी आत्याला घरी आल्यावर म्हटलं, "तुला खरंच घ्यायचाय?"

"व्हय. अंगठीत. चांदीच्या."

"कशासाठी गं?"

तिनं माझ्याकडे नव्या डोळ्यानं बघितलं. "बघाया."

नगरच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. आत्या मध्ये, मी डावीकडे, काका उजवीकडे, हातात भिंग घेऊन. दुकानदार तरुण होता आणि गिऱ्हाईक ओळखण्यात स्वतःला हुशार समजत होता. ओपल मागितल्यावर त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, माझं मंगळसूत्र पाहिलं, आणि मग आत्याला विचारलं, "मुलासाठी की मुलीसाठी, मावशी? शुक्राचा खडा आहे हा. लग्न लांबलं असेल तर याच्यासारखा नाही. शुक्रवारी घालायचा."

"माज्यासाठी."

त्यानं हसू दाबलं. "तुमचं लग्न लांबलंय?"

"लांबलंय म्हंजे? लईच लांबलंय की."

काका भिंगात गुंतले होते, त्यांनी ऐकलंच नाही. पण शेजारच्या काउंटरवर जोडवी बदलायला आलेली एक बाई वळून पाहू लागली. ती तिसगावची होती. तिच्या दोन्ही मुलींच्या लग्नातले ब्लाऊज आत्यानंच शिवलेले. आत्यानं तिला हात केला. त्या बाईनं आत्याला पाहिलं, मग काकांना पाहिलं. काका त्या क्षणी आत्याचं बोट हातात धरून, मापाच्या कड्या घालून बघत होते, कारण दुकानदारानं घातलेली कडी त्यांना सैल वाटली होती.

"घट्ट नको," काका म्हणत होते. "पण सैलही नको. आयुष्यभर घालायची आहे ना तुम्हाला?"

"आता किती ऱ्हायलंय आयुष्य, ते घाला लवकर," आत्या म्हणाली.

आम्ही खडा घेतला, काकांनी दहा खडे नाकारून अकरावा पसंत केला, अंगठी घडून मिळाली आणि आत्या एस.टी.नं तिसगावला गेली. तिच्या आधी बातमी पोचलेली होती.

चार-पाच दिवसांनी अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन आला. अण्णा फोनवर नेहमी ओरडून बोलतात. त्या दिवशी कुजबुजत होते.

"तिकडं कुनी सायेब हाय का, आक्काचं बोट धरनारा?"

मी सगळं समजावून सांगितलं. मोतीबिंदू, कपाट, भिंग, मापाची कडी. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. पर मग ती इचारल्यावर हसती कशापायी?"

ते मला पटण्यासारखं होतं. कारण आत्यानं बातमी खोडून काढलीच नव्हती. बायका ब्लाऊजच्या निमित्तानं यायच्या, गळा किती खोल, बाही किती लांब हे बोलून झालं की अंगठीकडे बघायच्या. पंचांग पाहणाऱ्या एका शेजारणीनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की शुक्राचा खडा उगीच कुणी घालत नाही. "मंग कदी?" असं कुणी विचारलं की आत्या तोंडात टाचण्या धरून म्हणायची, "बघू. आधी तुजी बाही हुंदे."

अण्णांनी मनाशी ठरवलं आणि ते राहुरीला आले. काळ्या-पिवळ्या जीपनं नगर, तिथून एस.टी. खांद्यावर संत्र्यांची पिशवी, डोक्यावर धुतलेली टोपी. मला म्हणाले, "सहज आलो." मग पाणीही न पिता, "ते सायेब घरी असत्याल का?"

मी बरोबर गेले. काकांना वाटलं, तिसगावहून माणूस दगड बघायला आलाय. अण्णांना वाटलं, माणूस विषय टाळतोय. दोघंही कपाटासमोर उभे.

"जमीन-जुमला?" अण्णांनी सुरुवात केली.

"जमीन सगळी बेसाल्टची," काका म्हणाले. "थरावर थर. लाव्हा थंड होताना आत वाफेचे बुडबुडे राहिले, त्या पोकळ्यांत हे असं भरत गेलं."

"तुमची, तुमची सोताची."

"माझी? नाही हो. हे घर तेवढं."

"पोरं?"

"दोन. दोघंही पुण्याला. दगडात रस नाही कुणाला."

"शुगर हाय का?"

"होय, इथला कारखाना—"

"रगताची."

"अच्छा. ती थोडी आहे."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. शुगर असलेली त्यांना आवडली नसावी. मी खिडकीबाहेर बघत होते, कारण काकांकडे बघितलं असतं तर मी हसले असते. अण्णा घसा खाकरून म्हणाले, "बरं, आमच्या आक्काविषयी तुमचं मत काय?"

"उत्तम!" काका म्हणाले. "फार चांगला डोळा आहे."

"कंचा? डाव्याचं आजून ऱ्हायलंय."

"नाही, म्हणजे नजर. मी नाकारलेले खडे त्यांनीही नाकारले होते, न सांगता. बसा ना तुम्ही."

अण्णा बसले नाहीत. शेवटी त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि एका दमात म्हणाले, "हे बघा सायेब, गावात बोलबाला झालाय. माज्या भनीनं उभा जलम एकटीनं काढलाय. मी तिला कदी काय कमी पडू दिलं न्हाई, पर मी काय तिला काय दिलं बी न्हाई. तिच्या मनात आसंल तर मी आडवा येनार न्हाई. पर तुमी सरळ सांगा, करनार हाय का लगीन?"

काकांच्या हातात एक पांढऱ्या सुयांचा दगड होता. फुंकर मारली तरी त्याची सुई तुटते म्हणून ते तो कधी कुणाला हातात देत नाहीत. तो त्यांनी अण्णांच्या हातात दिला आणि स्वतः खाली बसले.

त्या भेटीत पुढं काही झालं नाही. अण्णा दगड घेऊन उभे, काका घाम पुसत बसलेले, आणि मी मध्ये. पिशवीतली संत्री टेबलावर ठेवून अण्णा परत गेले. जाताना मला म्हणाले, "माणूस बरा वाटतो. पर कच्चा हाय."

आठवडाभर काका दिसले नाहीत. मग एका सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "तुमच्या आत्यांच्या मनात तसं काही… तुम्हाला काही बोलल्या होत्या का?"

"मला नाही बोलली. तुमच्या मनात आहे का?"

"मी असा विचारच केला नव्हता. पण त्यांच्या भावानं विचारलं, तेव्हापासून मी विचारच करतोय. आता गप्प राहिलो तर त्यांचा अपमान नाही का?"

मी म्हटलं, "ती शनिवारी येतेय. तिलाच विचारा." आत्या येत होती, पण वेगळ्या कारणानं, आणि चांगलीच तापून.

झालं होतं असं. नवीन ब्लाऊज शिवायच्या आधी अस्तराचं कापड पाण्यात भिजत घालावं लागतं, म्हणजे ते नंतर आकसत नाही. लग्नसराईचे दिवस. आत्यानं घमेलंभर अस्तरं भिजत घातली, चोळली, पिळली, सकाळभर हात पाण्यात. दुपारी बघते तर अंगठीतला खडा पार काचेसारखा. ना दुधाळपणा, ना हिरवा ठिपका, ना केशरी. खाली चांदीची चकती दिसत होती. पंचांगवाल्या शेजारणीनं लगेच निकाल दिला, शुक्र उठून गेला. दुसरी म्हणाली दुधात ठेव. तिसरीच्या मुलाचा मोबाईल एकदा हौदात पडला होता, तिनं सांगितलं तांदळात ठेव. आत्यानं अंगठी तांदळाच्या डब्यात खुपसली आणि डब्यासकट एस.टी.त बसली.

काका आमच्या हॉलमध्ये बसले होते. आत्या आत आली, चप्पल काढली, डब्याचं झाकण उघडलं आणि तांदळात हात घालून अंगठी काढून त्यांच्यापुढे धरली.

"तुमी फसवलं मला."

काकांनी बोलायला तोंड उघडलेलं होतं, काहीतरी पाठ करून आलेलं. ते तसंच राहिलं. त्यांनी अंगठी घेतली, उजेडाकडे धरली, आणि त्यांचा सगळा घाबरटपणा एकदम गेला.

"पाणी पाजलंत याला!"

"अस्तरं भिजवली."

"मग बरोबर आहे. हाही इथिओपियाचाच ना, याच्यात बारीक भोकं असतात, हा पाणी पितो. पोटभर प्यायला की असा काचेसारखा होतो. वाळला की परत दुधाळ होतो, रंगही परततात. तांदळात ठेवलात, हरकत नाही. फक्त उन्हात ठेवू नका, तडकतो. चुलीपाशी नको. तेल, साबण, हळद काही लागू देऊ नका, तेही पिऊन बसेल आणि पिवळा पडेल. आणि धूळ फडक्यानं घासून पुसायची नाही, आपल्या धुळीत गारगोटीची भुकटी असते, ती याच्यापेक्षा कठीण, ओरखडे पडतात. आणि कामाच्या वेळी काढून ठेवायचा."

आत्या ऐकत होती. "मंजी काम करायचं न्हाई."

"तसं नाही—"

"धुनं न्हाई, सैपाक न्हाई, झाडलोट न्हाई, ऊन न्हाई. सायेब, ह्यो दगड हाय का जावई?"

मी चहा ठेवायला उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबला. माघारी आले तेव्हा काका उभे होते. शर्टाच्या इस्त्रीला चुणी पडली होती.

"तुमचे बंधू आले होते," ते म्हणत होते. "त्यांनी मला विचारलं. म्हणून मी… म्हणजे तुमची इच्छा असेल तर माझी तयारी आहे. लग्नाची."

मी ट्रे घेऊन तिथंच थांबले. आत्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. ती अंगठीतल्या रिकाम्या दिसणाऱ्या खड्याकडे बघत होती. मला वाटलं आता ती काहीतरी खोचक बोलणार आणि हे बिचारे घरी जाऊन दार लावून घेणार. पण ती नीट बोलली, हळू आवाजात.

"तुमी इचारलं, बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? मला कुनी कदी इचारलंच न्हवतं. पयल्या वेळी बी न्हाई, तवा बापानं ठरवलं. पर न्हाई. आता मला कुनाचा डबा भरायचा न्हाई, कुनाची वाट बघायची न्हाई. माजं मशीन हाय, माजी खोली हाय. मी येत जाईन दगडं बघाया. तेवढं चालंल का?"

काका खुर्चीत बसले आणि त्यांनी इतका लांब श्वास सोडला की मला ट्रे धरून उभी होते तिथं ऐकू आला.

"खरं सांगू का," ते म्हणाले, "मलाही हायसं वाटलं. पण विचारलं नसतं तर बरं दिसलं नसतं."

आत्याची मान वर झाली. "मंजी भिडंपायी इचारलं?"

"नाही, नाही! भिडेपायी अजिबात नाही. म्हणजे थोडं… पण सगळंच नाही."

"किती?"

"काय किती?"

"किती भिडंपायी आन् किती मनापासून? तुमी दगडात पानी किती ते सांगता की, मग हे सांगा."

काकांनी खरोखरच विचार केला. मी पाहिलंय, ते मनात हिशेब करत होते. मग कानांपर्यंत लाल होत म्हणाले, "पाण्यापेक्षा जास्त होतं."

आत्या हसली, अगदी पोटापासून, आणि मी चहा पुढं केला. त्या चहात साखर घालायची मी विसरले होते. दोघांनी तो तसाच प्यायला.

खडा आमच्या शोकेसमध्ये कापसावर राहिला. रोज सकाळी आत्या एकेक डोळा झाकून बघायची. आधी कडेनं धुकं आलं, मग मध्ये, आणि काही दिवसांनी एका सकाळी तिनं मला अर्ध्या आंघोळीतून हाक मारून बाहेर बोलावलं, कारण हिरवा ठिपका परत आला होता. तिनं काकांनाही कुंपणावरून ओरडून सांगितलं. ते दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून आले.

तिसगावला परत गेल्यावर आत्यानं मशीनच्या कडेला एक खिळा ठोकून घेतला. अस्तरं भिजवायच्या आधी अंगठी खिळ्याला. आणि बायकांनी विचारलं तर आता उत्तर तयार होतं.

"इचारलं हुतं त्यांनी. मीच न्हाई म्हनले."

हे मात्र गावाला झेपलं नाही. लग्न करते म्हणाली असती तर महिनाभर बोलून लोक गप्प बसले असते. या वयात मागणी आली आणि नाकारली, हे कुठं बसवायचं तेच बायकांना कळेना. पेन्शनवाला माणूस, घर स्वतःचं, सासू नाही! एकीनं तर आत्याला नवा ब्लाऊज शिवायला टाकताना दमच भरला, "आसं कुनी करतं व्हय?" पण त्यानंतर तिच्याकडे येणाऱ्या बायकांच्या बोलण्यात थोडा फरक पडला, असं आईनं मला सांगितलं. माप देता देता त्या घरातलं काहीबाही आत्याला विचारू लागल्या. सुनेचं काय करावं, नोकरीला जाऊ म्हणते तर जाऊ द्यावं का. जणू ती कुठूनतरी परीक्षा पास होऊन आली होती.

सगळ्यात जास्त लागलं ते अण्णांना. "काय खोट हुती त्या माणसात?" ते मला फोनवर म्हणाले, पुन्हा पहिल्यासारखे ओरडून. "जरा शुगर, तेवढंच की!"

"अण्णा, तुम्हीच तर म्हणालात कच्चा आहे."

"पिकला आसता की हळूहळू."

अण्णांना करमेना. काकांनी दिलेला तो पांढऱ्या सुयांचा दगड ते चुकून पिशवीत घालून घरी घेऊन गेले होते. तो परत द्यायच्या निमित्तानं ते पुन्हा राहुरीला आले. एकही सुई तुटू नये म्हणून त्यांनी तो एस.टी.त दोन्ही हातांत धरून आणला होता, आणि कंडक्टरनं तिकिटाचे पैसे त्यांच्या खिशातून स्वतःच्या हातानं काढून घेतले होते. काका त्यावर इतके खूश झाले की त्यांनी अण्णांना वरपासून खालपर्यंत सगळं कपाट पुन्हा दाखवलं. या वेळी अण्णा बसले.

गेल्या उन्हाळ्यात आमची तिसगावची विहीर आणखी खाली नेली. यारीनं, म्हणजे विहिरीवरच्या क्रेननं, वर येणारा काळा दगड बांधावर ढीग करून टाकत होते. अण्णांनी आदल्या संध्याकाळी मला नाही, आत्याला नाही, थेट काकांना फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी काका हातोडी, भिंग आणि पाण्याची बाटली घेऊन आमच्या बांधावर हजर. मीही त्यांच्याबरोबर गेले होते.

आत्या दुपारी भाकरी-पिठलं घेऊन रानात आली. ढिगाऱ्यावर दोघं टोप्या घालून बसले होते आणि एका फुटलेल्या दगडावरून त्यांचं जोरात चाललं होतं. काका म्हणत होते, हा कॅल्साइट. अण्णा म्हणत होते, न्हाई, झिओलाइट, तुमीच मागच्या टायमाला सांगितलं. काका म्हणाले, मी असं सांगितलंच नव्हतं. अण्णा म्हणाले, मंग काय मी सोप्नात आयकलं?

"जेवाया चला," आत्यानं हाक मारली.

"आलो, आलो," दोघं म्हणाले आणि तिसरा दगड फोडायला घेतला.

आत्यानं लिंबाच्या सावलीत फडकं पसरलं, दोन भाकरी काढल्या आणि एक माझ्या हातावर ठेवली. "बस," ती म्हणाली. "ह्यांचं काय आज सरत न्हाई."

आम्ही दोघींनी जेवून घेतलं.